वेणी सुटेल का? रीत असलेले आणि रीत नसलेले प्रश्न

कापूस पिकवणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात पेड, पीळ आणि गाठ हे शब्द शाळेत जाण्याच्या आधीच घरात आणि गोठ्यात कानावर पडतात. पोळ्याच्या सुमारास बैलांसाठी नव्या वेसणी आणि नवे कासरे आणले जातात, आणि केसांची तीन पेडांची वेणी तर रोज घातली जाते आणि रोज सोडली जाते. या नित्याच्या कामात एक शुद्ध गणिती प्रश्न दडलेला आहे. पेड एकमेकांवरून नेण्याच्या कृतींची एक लांबलचक यादी दिली आणि पेडांची वरची व खालची टोके पक्की बांधून ठेवली, तर त्या यादीनुसार घातलेली वेणी टोके न सोडता, केवळ पेड इकडेतिकडे सरकवून, सरळ होईल का, हे प्रत्यक्ष वेणी न घालता केवळ यादी वाचून सांगता येईल का? एखाद्या यादीविषयी उत्तर देणे ही एक गोष्ट आहे आणि कोणत्याही यादीला लागू पडेल अशी एकच रीत देणे ही वेगळी. गणितातील ज्या विषयात अशा रीतींचा शोध घेतला जातो त्याला गटसिद्धान्तातील निर्णयप्रश्नांचा अभ्यास म्हणतात, आणि त्याचे सर्वांत मोठे फलित असे आहे की काही प्रश्नांना अशी रीत असूच शकत नाही, हे निःसंशय सिद्ध करता येते.

वेणीची लिपी

प्रश्न नेमका मांडायचा तर आधी वेणी लिहिता आली पाहिजे. डावीकडचा पेड मधल्या पेडावरून नेऊन त्याच्या जागी आणण्याच्या कृतीला ‘क’ म्हणावे, आणि मधला पेड उजव्या पेडावरून नेऊन त्याच्या जागी नेण्याच्या कृतीला ‘ख’ म्हणावे. या दोन्ही कृती उलट्याही करता येतात. क केल्यावर लगेच उलटा क केला की पेड पूर्वस्थितीत येतात. घरोघरी घातली जाणारी साधी वेणी म्हणजे क आणि उलटा ख यांची आळीपाळीने केलेली आवर्तने होत, कारण तिच्यात एकदा डावा पेड मधल्यावर येतो आणि एकदा उजवा. अशा रीतीने प्रत्येक वेणी दोन अक्षरांच्या आणि त्यांच्या उलट्या रूपांच्या शब्दात लिहिता येते, आणि एका वेणीच्या खाली दुसरी जोडली की दोन शब्द जोडून एक मोठा शब्द तयार होतो.

ज्या संग्रहातील कोणत्याही दोन वस्तू जोडल्या असता त्याच संग्रहातील वस्तू मिळते, तीन वस्तू जोडताना आधी कोणत्या दोन जोडल्या यावर उत्तर अवलंबून राहत नाही, जोडूनही काही बदल न घडवणारी एक वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूला तिचा परिणाम पुसून टाकणारी उलटी वस्तू असते, अशा संग्रहाला गणितात गट म्हणतात. तीन पेडांच्या सर्व वेण्यांचा असा गट बनतो. त्यात सरळ सोडलेले पेड ही काहीच न बदलणारी वस्तू होय. क आणि ख यांना या गटाचे जनक म्हणतात, कारण सर्व वेण्या त्यांच्यापासून उत्पन्न होतात. वेण्यांचा गट या स्वरूपात जर्मन भाषक गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२५ मध्ये मांडला.

एकच वेणी अनेक शब्दांनी लिहिता येते, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. ‘कखक’ आणि ‘खकख’ हे दिसायला वेगळे शब्द आहेत; पण दोन्हींत पेडांचा क्रम उलटा होतो, सुरुवातीचा डावा पेड सगळ्यांच्या वर राहतो, उजवा सगळ्यांच्या खाली जातो आणि मधला त्यांच्या मध्ये राहतो, म्हणून पेड किंचित सरकवले की एक वेणी दुसरीसारखी होते. अशा समानतेला संबंध म्हणतात, आणि तीन पेडांच्या वेण्यांचे सारे नियम या एका संबंधातून निघतात. केवळ कोणता पेड शेवटी कुठे पोचला एवढे पाहून मात्र काम भागत नाही. क आणि उलटा ख ही जोडी तीनदा केली तर तिन्ही पेड आपापल्या मूळ जागी परत येतात, तरी वेणी सुटलेली नसते. विशेष हे की तिच्यातील कोणताही एक पेड काढून घेतला तर उरलेले दोन आपोआप मोकळे होतात, म्हणजे गुंता कोणत्याही दोन पेडांमध्ये नसून तिघांच्या एकत्र असण्यात असतो.

गोव्यात शिगम्याच्या दिवसांत नाचल्या जाणाऱ्या गोफात हाच गट पावलांनी लिहिला जातो. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके हातात धरून नर्तक एकमेकांना ओलांडत फिरतात आणि गोफ विणला जातो. मग तीच पावले शेवटाकडून सुरुवातीकडे उलट टाकली की गोफ उलगडतो. शब्द उलट्या क्रमाने लिहून त्यातील प्रत्येक अक्षर उलटे केले की मूळ शब्दाचा परिणाम पुसला जातो, हा गटसिद्धान्तातील नियम नर्तकांना पाठ असतो. मात्र त्यांना विणीचा क्रम आठवत असतो. क्रम न आठवता, समोर आलेला शब्द रिकामा, म्हणजे काहीच न बदलणारा, ठरतो की नाही हे ओळखणे हा वेगळा आणि कठीण प्रश्न आहे.

डेन यांचे तीन प्रश्न

हा प्रश्न सर्व गटांसाठी स्पष्ट शब्दांत विचारण्याचे श्रेय माक्स डेन यांना जाते. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी मोजक्या जनकांनी आणि मोजक्या संबंधांनी वर्णिलेल्या गटांविषयी तीन प्रश्न मांडले. दिलेला शब्द गटातील काहीच न बदलणाऱ्या वस्तूइतका आहे का, हा पहिला, त्याला शब्दप्रश्न म्हणतात. दोन शब्द एकाच कृतीची वेगवेगळ्या जागेवरून पाहिलेली रूपे आहेत का, म्हणजे आधी एखादी कृती करून, मग पहिला शब्द वापरून आणि शेवटी ती कृती उलटवून दुसरा शब्द मिळतो का, हा दुसरा, त्याला संयुग्मताप्रश्न म्हणतात. आणि वेगवेगळे जनक व संबंध देऊन वर्णिलेले दोन गट मुळात एकच आहेत का, हा तिसरा, एकरूपतेचा प्रश्न होय. तिन्हींत उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. पण ते मर्यादित पायऱ्यांत, कोणत्याही कल्पकतेची गरज न पडता, ठरलेल्या नियमांनी मिळाले पाहिजे.

मोजक्या जनकांच्या गटांतही वस्तू अनंत असू शकतात, म्हणून सर्व शक्यता तपासून पाहण्याचा मार्ग बंद असतो. तरीही शब्दप्रश्नाची एक बाजू नेहमी सोपी असते. संबंध वापरून रिकाम्या शब्दापासून जे जे शब्द तयार करता येतात त्यांची यादी पद्धतशीरपणे करत राहिले, तर दिलेला शब्द खरोखर रिकामा असल्यास तो यादीत कधी ना कधी सापडेलच. पण तो रिकामा नसेल तर यादी संपणार नाही, शब्दही सापडणार नाही, आणि आणखी थोडे थांबावे की थांबूच नये हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून ‘हो’ मिळवण्याची वाट सर्वत्र आहे. उणीव असते ती ‘नाही’ म्हणण्याच्या वाटेची.

वेण्यांच्या गटात दोन्ही वाटा आहेत. आर्टिन यांनी वेणीतील एकेक पेड इतरांपासून क्रमाने वेगळा करत जाण्याची रीत दिली, आणि तिला वेणी विंचरणे असेच नाव रूढ झाले. विंचरून झाल्यावर मिळणारे रूप ठरलेले असल्यामुळे दोन शब्द एकच वेणी दाखवतात की नाही हे त्यावरून कळते. वेण्यांचा संयुग्मताप्रश्न एफ. ए. गार्साइड यांनी १९६९ मध्ये सोडवला. पुढे शब्दप्रश्नासाठी शब्दाच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात पायऱ्या घेणाऱ्या जलद रीतीही सापडल्या. शब्द दुप्पट लांब झाला तर अशा रीतीने लागणारे काम साधारण चौपट होते, आणि एवढी वाढ संगणकाला सहज पेलते.

रीत म्हणजे काय: पाटणचा वारसा

रीत देणे म्हणजे काय, याचे एक उज्ज्वल उदाहरण बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या बीजगणितात वर्गप्रकृती नावाचा प्रश्न येतो: एका संख्येच्या वर्गाला ठरावीक संख्येने गुणून त्यात १ मिळवला असता पूर्ण वर्ग येईल, अशी शून्याव्यतिरिक्त पूर्ण संख्या शोधावी. गुणक २ असेल तर उत्तर चटकन सापडते, कारण २ चा वर्ग ४, त्याची दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९, आणि ९ हा ३ चा वर्ग आहे. गुणक ६१ असेल तर मात्र सर्वांत लहान उत्तरात वर्ग करायची संख्या २२६१५३९८० येते आणि मिळणारे वर्गमूळ १७६६३१९०४९ येते. एकेक संख्या घेऊन पाहत बसणाऱ्याला हे उत्तर हाताने कधीच मिळाले नसते. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल रीतीने काढले. ही रीत त्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञालाही अवगत होती, आणि तिचे वैशिष्ट्य असे की एक पायरी झाली की पुढची पायरी काय करायची हे पूर्ण ठरलेले असते.

याच प्रश्नात गटही आहे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये भावना नावाचा नियम दिला, ज्याने वर्गप्रकृतीची दोन उत्तरे जोडून तिसरे उत्तर मिळते. गुणक २ असताना ३ आणि २ ही जोडी स्वतःशीच जोडली की १७ आणि १२ ही जोडी मिळते, कारण १२ चा वर्ग १४४, त्याची दुप्पट २८८, अधिक १ म्हणजे २८९, आणि तो १७ चा वर्ग आहे. तिला पुन्हा ३ आणि २ जोडले की ९९ आणि ७० मिळतात. १ आणि ० ही जोडी काहीच बदलत नाही, आणि ३ व उणे २ ही जोडी ३ व २ या जोडीचा परिणाम पुसते. गट हा शब्द जन्मण्याच्या कित्येक शतके आधी गटातील जोडण्याची कृती आणि त्या गटाचा जनक शोधण्याची रीत या परंपरेत अशी एकत्र नांदत होती. गुणक पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमी असतेच, हे फ्रेंच परंपरेतील लाग्रांज यांनी १७६८ मध्ये सिद्ध केले. म्हणजे येथे उत्तर शोधण्याची रीत आहे एवढेच नव्हे, तर शोधण्याजोगे उत्तर नेहमी असते याची हमीही मिळाली.

‘नाही’ सिद्ध कसे करावे

एखादी रीत आहे हे दाखवायचे तर ती रीत समोर ठेवली की पुरते. रीत नाही हे दाखवायचे असेल तर आजवर सापडली नाही एवढे म्हणून चालत नाही. जगात कधीही शोधली जाऊ शकेल अशा प्रत्येक रीतीविषयी बोलावे लागते, आणि त्यासाठी रीत या शब्दाचीच काटेकोर व्याख्या हवी. ती १९३६ मध्ये मिळाली. अमेरिकेतील अलोन्झो चर्च आणि इंग्लंडमधील अ‍ॅलन ट्युरिंग यांनी वेगवेगळ्या मार्गांनी ती दिली. ट्युरिंग यांनी लांब पट्टीवर चिन्हे लिहिणारे, पुसणारे आणि ठरलेल्या नियमांनी पुढेमागे सरकणारे एक काल्पनिक यंत्र वर्णिले आणि अशा यंत्राला करता येते तेवढेच रीतीने करता येते, असे प्रतिपादन केले. त्याच विचारातून हेही निघाले की दिलेले यंत्र कधी थांबेल की अखंड चालत राहील, हे सर्व यंत्रांसाठी ठरवणारी रीत असू शकत नाही. तशी रीत असती तर तिच्या उत्तराच्या नेमके उलट वागणारे यंत्र बनवता आले असते आणि ते यंत्र स्वतःच्याच बाबतीत त्या रीतीला खोटे ठरवून गेले असते.

गटांपर्यंत पोचायला आणखी दोन दशके लागली. मॉस्कोतील प्योत्र नोविकोव्ह यांनी १९५५ मध्ये १४३ पानांच्या प्रबंधात, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेतील विल्यम बून यांनी १९५८ पर्यंत, असा एक गट प्रत्यक्ष उभा केला की ज्याचे जनक आणि संबंध मोजके आहेत, पण ज्याच्या शब्दप्रश्नाला कोणतीही रीत नाही. कल्पना अशी आहे की यंत्राची पट्टी आणि तिच्यावरील चिन्हे एका शब्दात गुंफायची आणि यंत्राच्या चालीचा प्रत्येक नियम गटाचा एक संबंध म्हणून लिहायचा. मग यंत्र थांबले तरच तो शब्द रिकामा ठरतो. गटात प्रत्येक कृती उलटवता येत असल्यामुळे यंत्राच्या चालीही मागे फिरतात आणि नको ते शब्द एकमेकांत मिसळण्याचा धोका उत्पन्न होतो. तो टाळण्यासाठीच एवढी पाने खर्ची पडली. अशा गटाच्या शब्दप्रश्नाला रीत असती तर तिने यंत्र थांबेल की नाही हेही सांगितले असते, आणि ते तर अशक्य आहे. एकरूपतेच्या प्रश्नाचाही निकाल त्याच काळात लागला: सोव्हिएत संघातील सेर्गेई अदियान आणि अमेरिकेतील मायकेल राबिन यांनी दाखवले की वर्णन वाचून गट सांत, म्हणजे मर्यादित वस्तूंचा, आहे का, किंवा त्यात एकाहून अधिक वस्तू तरी आहेत का, हेसुद्धा सर्वांसाठी एका रीतीने ठरवता येत नाही. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टची प्राध्यापकी गमवून अमेरिकेत आश्रय घेतलेले डेन १९५२ मध्ये वारले होते; आपल्या प्रश्नाचे हे उत्तर पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

वर्गप्रकृतीचा धागाही याच ठिकाणी येऊन मिळतो. १९०० मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांनी मांडलेल्या प्रश्नांपैकी दहावा असा होता की कोणतेही बहुपदी समीकरण दिले असता त्याला पूर्ण संख्यांत उत्तर आहे का हे ठरवणारी रीत द्यावी, म्हणजे एका अर्थी चक्रवालाने एका जातीच्या समीकरणांसाठी जे केले ते सर्व समीकरणांसाठी करावे. मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामावर शेवटचा कळस चढवून युरी मतियासेविच यांनी १९७० मध्ये सिद्ध केले की अशी रीत नाही. ज्युलिया रॉबिन्सन यांच्या या विषयातील कामात वर्गप्रकृतीचीच समीकरणे वापरली गेली होती, आणि पुढे लिहिल्या गेलेल्या सुटसुटीत सिद्धतांमध्येही तीच आधाराला आहेत, कारण भावनेने मिळणारी त्यांची उत्तरे इतक्या वेगाने वाढतात की साध्या बहुपदींतून घातांकही व्यक्त करता येतो. ज्या समीकरणाने रीतीचे सामर्थ्य दाखवले, त्याच समीकरणाने रीतीची सीमाही दाखवली.

सहा पेडांची वेणी

हे अनिर्णेय गट केवळ सिद्धतेसाठी रचलेले आणि रोजच्या गणितापासून दूरचे आहेत, असे मानण्याचे कारण नाही, कारण तीच सीमा वेणीतही सापडते. काही ठरावीक नमुन्यांचे वेणीचे तुकडे हाताशी आहेत असे समजावे, आणि ते हवे तितक्या वेळा, हव्या त्या क्रमाने, सुलटे वा उलटे जोडता येतात असेही मानावे. दिलेली वेणी या तुकड्यांपासून बनवता येईल का, या प्रश्नाला सदस्यत्वाचा प्रश्न म्हणतात. के. ए. मिखाइलोव्हा यांनी १९५८ मध्ये दिलेली युक्ती सहा पेडांवर लावून पाहता येते.

सहा पेड तीन डावे आणि तीन उजवे असे वाटून घ्यावेत, म्हणजे दोन स्वतंत्र वेण्या शेजारी शेजारी चालतात. तीन पेडांत क दोनदा करणे आणि ख दोनदा करणे या दोन कृती अशा आहेत की त्यांच्यापासून बनलेल्या शब्दांत लगतची सुलटी-उलटी जोडी सोडल्यास दुसरे काहीच रद्द होत नाही. म्हणून त्यांना कोऱ्या अक्षरांसारखे वापरता येते. आता शब्दप्रश्नाला रीत नसलेला दोन जनकांचा एक गट घ्यावा; असा गट असतो. तुकड्यांच्या साठ्यात दोन प्रकार ठेवावेत: काही तुकड्यांत डावीकडे आणि उजवीकडे एकच अक्षर असेल, आणि काहींत त्या गटाचा एकेक संबंध केवळ डावीकडे लिहिलेला असेल, उजवे पेड सरळ राहतील. या साठ्यातून ज्या वेण्या बनतात त्यांत डावा शब्द आणि उजवा शब्द त्या गटाच्या दृष्टीने नेहमी समान असतात, आणि असे समान शब्द असलेली प्रत्येक वेणी या साठ्यातून बनते. तेव्हा डावीकडे एक शब्द आणि उजवीकडे सरळ पेड असलेली वेणी बनवता येईल का, हे विचारणे म्हणजे तो शब्द त्या गटात रिकामा आहे का हे विचारणेच होय, आणि त्याला रीत नाही. टी. ए. मकानिना यांनी १९८१ मध्ये दाखवले की यासाठी पाच पेडही पुरतात.

अशा निकालांमुळे विषय संपला नाही, उलट त्याला दिशा मिळाली. सर्व गटांसाठी एक रीत नाही हे कळल्यावर कोणत्या गटांसाठी ती आहे, ती किती जलद आहे आणि तिच्यामागे कोणती भूमिती आहे, हे प्रश्न पुढे आले. एकाच संबंधाने वर्णिलेल्या सर्व गटांचा शब्दप्रश्न विल्हेल्म माग्नुस यांनी १९३२ मध्येच सोडवला होता. १९८७ मध्ये मिखाइल ग्रोमोव्ह यांनी अतिपरवलयी गटांची संकल्पना मांडली. त्यांच्यात प्रत्येक रिकामा शब्द कुठे ना कुठे आखूड करता येतो, आणि म्हणून पायरी पायरीने आखूड करत गेले की उत्तर मिळतेच. गट आणि अतिपरवलयी भूमिती यांच्या या संगमावरील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातही होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील महान महाराज यांना याच क्षेत्रातील कार्यासाठी २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

‘रीत नाही’ हे वाक्य पराभवाचे आहे असा समज सहज होतो, पण तो खरा नाही. ज्याला रीत सापडली नाही तोही ‘नाही’ म्हणतो आणि ज्याने रीत असणे अशक्य आहे हे सिद्ध केले तोही ‘नाही’ म्हणतो. पहिल्याचे ‘नाही’ उद्या बदलू शकते, दुसऱ्याचे कधीच बदलत नाही, आणि त्या न बदलण्यामागे रीत म्हणजे काय याची माणसाला झालेली पुरती ओळख उभी असते. पाटणच्या मठात ज्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे अशी योजना होती त्यांनी चक्रवालाची प्रत्येक पायरी ठरवून दिली होती, आणि आज बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयात गट शिकणारा विद्यार्थी त्याच शिस्तीत आणखी एक प्रश्न विचारू शकतो: ही पायऱ्यांची वाट संपेल याची हमी कोठे आहे? तीन पेडांची वेणी त्याला सांगते की शब्द वाचून ती सुटेल की नाही हे नेहमी ठरवता येते. त्याच वेणीच्या शेजारी दुसरी तशीच वेणी मांडली की असा प्रश्न उभा राहतो ज्याला कोणत्याही काळात, कोणत्याही संगणकावर रीत मिळणार नाही. दोर तोच आणि पेड घालणारे हातही तेच आहेत. या दोन प्रश्नांमधली सीमा हातांच्या कौशल्याने किंवा यंत्राच्या वेगाने आखलेली नसून विचारलेल्या प्रश्नाच्या घडणीतच आहे, आणि ती नेमकी कोठून जाते हे पाहता येणे हेच या विद्येचे धन आहे.